वाद्याला पाय लावताना

आमच्या घरात एक नियम होता. वाद्याला पाय लागला की लागलीच वाकून नमस्कार करायचा. मामांच्या गिटारला, आजोबांच्या पेटीला, पुडी फुटून कोपऱ्यात पडलेल्या डग्यालासुद्धा. त्यामुळे पेडल स्टील गिटार हे पायानंच वाजवायचं वाद्य मी घरी आणलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "मग ह्याला दर सुरामागं नमस्कार करायचा का रे?"

मी हसलो, पण उत्तर काही सुचलं नाही.

मुंबईत वांद्र्याला एका वादकाचं घर रिकामं करायचं चाललं होतं. वादक जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझा एक जुना विद्यार्थी त्याच इमारतीत भाड्यानं राहतो, आणि आपले सर असल्या भंगाराला नाही म्हणत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक. त्याचा फोन आला. "सर, टेबलाला तारा लावल्यासारखं काहीतरी आहे. खालून जुन्या सायकलच्या ब्रेकला असतात तसल्या सळया आहेत. फोटो पाठवू?" फोटो बघितला आणि त्या आठवड्याच्या शनिवारी मी गाडीत बसलो.

येताना महालक्ष्मी एक्स्प्रेस. वाद्य ठेवलेली काळी पेटी बर्थखाली जाईना म्हणून दोन बर्थच्या मध्ये आडवी टाकली. वजन वीस किलोच्या आसपास. टीसीनं विचारलं, "यात काय आहे?" म्हटलं, गिटार. त्यानं एकदा पेटीकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुढं गेला. रात्री झोपेत कधीतरी माझे पाय त्या पेटीवर गेले असणार, कारण पहाटे मिरजेला जाग आली तेव्हा दोन्ही टाचा तिच्यावरच होत्या. तंबोऱ्यांचं गाव, आणि माझ्या टाचा वाद्यावर. हात आपसूक कपाळाला गेला.

पेडल स्टील गिटार म्हणजे नक्की काय, हे मला गेल्या वर्षभरात इतक्या जणांना सांगावं लागलंय की आता मी थेट सरगमवरच येतो. चार पायांवर उभं असलेलं एक अरुंद टेबल, त्यावर दहा तारा. उजव्या हातात नख्या, डाव्या हातात पोलादी बार. पडदे नाहीत. असल्या तर नुसत्या खुणेच्या रेघा. इथवर आपल्याकडच्या हवाईयन गिटारसारखंच. खाली मात्र पायाला तीन पेडल आणि गुडघ्याला दोन लिव्हर. तारांच्या नेहमीच्या मेळाला ई-नाइन म्हणतात. ई हा पाश्चात्त्य स्वर म्हणजे सा धरा. मग वादकापासून सगळ्यात लांबच्या तारेपासून स्वर असे येतात: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. क्रम विचित्र आहे, पहिल्या दोन तारांपेक्षा तिसरी उंच. पण त्याची सवय होते.

आता पहिला पेडल दाबला की दोन्ही पंचमांचे धैवत होतात. दुसरा दाबला की दोन्ही गंधारांचे शुद्ध मध्यम. तिसऱ्यात वरच्या सा चा रे आणि वरच्या प चा ध. पहिले दोन एकदम दाबले तर सा-ग-प छेडलेलं सा-म-ध होऊन बसतं, आणि सा जागचा हललेला नसतो. गुडघ्यानं डावीकडं ढकललं तर सा चा कोमल रे, उजवीकडं ढकललं तर सा चा शुद्ध नी. हे सगळं तार वाजत असताना, आवाज न तोडता.

यातली गंमत मींड ऐकून मोठ्या झालेल्या माणसाला लगेच कळावी. बार सरकवला की सगळ्याच तारा एकत्र सरकतात, वरात निघाल्यासारख्या. पेडलनं एकच तार निघते. तिच्या शेजारची तिथंच उभी राहून तिच्याकडं बघत असते. एक स्वर स्थिर, आणि त्याला घासून दुसरा वर चढतोय. या वाद्याचं जे रडणं म्हणतात ते त्या घासण्यात आहे.

माझ्या मामांनी हा आवाज चाळीसेक वर्षं शोधला. त्यांच्याकडं हवाईयन गिटार होती, मांडीवर आडवी घेऊन वाजवायची. सत्तरच्या दशकात कोल्हापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात ते होते. गणपतीत पेठांमधून आणि जत्रेच्या हंगामात पन्हाळ्यापासून गडहिंग्लजपर्यंत कार्यक्रम चालायचे. ती हवाईयन गिटारची लाटच होती. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या सिनेगीतांच्या रेकॉर्डी घराघरांत वाजायच्या, आणि मामा त्या ऐकून ऐकून बसवायचे. ऑर्केस्ट्रा नसेल त्या रात्री देवल क्लब या जुन्या संगीतसंस्थेत शास्त्रीय गाणं ऐकायला. सिनेमाची गाणी वाजवणारा माणूस तिथं मागं भिंतीला टेकून बसायचा आणि उद्या कुणाला सांगायचा नाही.

त्यांनी शॉर्टवेव्हवर कधीतरी, खरखरीत, तो आवाज ऐकला. एक सूर उभा आणि दुसरा चढतोय. हे कसं करतात ते सांगायला कोण होतं? त्यांनी बार तिरपा धरून बघितला. तिरपा बार ही हवाईयन वादकांची जुनी युक्ती आहे, दोन तारांवर दोन वेगळ्या जागा पकडायची. पण वाजता वाजता सरळ बार तिरपा करायचा म्हणजे काय, ते मामांकडून ऐकावं. "गंधार सांभाळला की पंचम पळतोय, आणि पंचम धरला की गंधार रुसतोय." मी लहान होतो. मला ते दोन स्वर त्यांच्या ऑर्केस्ट्रातली माणसंच वाटायची.

तिकडं अमेरिकेत हा प्रश्न लोहारकामानं सोडवला गेला होता. पेडल आधीही होते, पण एका मेळातून दुसऱ्या मेळात जायला, म्हणजे गाडीचा गिअर बदलावा तसे. १९५४ साली वेब पिअर्स या गायकाचं एक गाणं गाजलं. त्यात बड आयझॅक्स नावाच्या वादकानं तार छेडल्यावर, ती वाजत असताना पेडल दाबला. लोकांना सूर वाकताना ऐकू आला. मग काय, सगळे आपापल्या गिटारखाली सळया जोडायला लागले. पुढची दहा-पंधरा वर्षं बडी एमन्स, शॉट जॅक्सन, झेन बेक ही वादक मंडळीच एकीकडं वाजवत होती आणि एकीकडं यंत्र सुधारत होती. एमन्स आणि जिमी डे यांचं तर पेडलांच्या क्रमावरही जमलं नाही. एकाचे डावीकडून, दुसऱ्याचे उजवीकडून. आजही वाद्य मागवताना विचारतात, कुणाच्या क्रमानं हवेत?

मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. त्यामुळे गिटार उलटी करून टेबलावर ठेवली तेव्हा मला आधी आनंद झाला आणि मग घाम फुटला. वरून वाद्य, खालून कारखाना. पेडल दाबला की उभी सळई खाली ओढली जाते. ती एक आडवा शाफ्ट जरासा फिरवते. शाफ्टवर छोट्या उभ्या दांड्या बसवलेल्या असतात. दांडी कलते आणि एक लांब सळई ओढते. ही सळई उजव्या टोकाला चेंजर नावाच्या भागात जाते. तिथं प्रत्येक तारेखाली अॅल्युमिनियमचं एक बोट आहे. बोटाचा माथा गोल, त्यावरून तार वळसा घेते. सळईनं बोट ओढलं की ते आसावर किंचित फिरतं आणि तार ताणली जाते. स्वर उतरवायचा असेल तर दुसरी सळई दुसरा भाग ओढते, बोट उलटं ढिलं पडतं. चढवलेला स्वर परत खाली आणायचं काम तारेचा स्वतःचाच ताण करतो. उतरवलेला स्वर वर आणायला मात्र स्प्रिंग लागते. म्हणजे परत येण्याच्या वाटा दोन आहेत आणि दोन्ही बिघडू शकतात.

माझ्या गिटारच्या बिघडल्या होत्या. नऊ दांड्यांपैकी पाच तडकलेल्या. स्वस्तातलं जस्ताचं ओतकाम, हातात घेतल्यावर बिस्किटासारखं मोडलं. दोन सळया वाकड्या, स्प्रिंगा गंजून एकमेकींना चिकटलेल्या, आणि सगळीकडं कुणीतरी वर्षानुवर्षं सोडलेल्या शिलाई मशीनच्या तेलाचा वाळून झालेला तपकिरी गूळ. बोटांच्या माथ्यावर तारांनी घळी पाडल्या होत्या. तिसऱ्या बोटावरची घळ तर नखाला लागत होती. खरा आजार मात्र आत होता. ज्या आसावर ही दहा बोटं फिरतात, त्याची भोकं लंबगोल झाली होती.

हे किती वाईट आहे ते कळावं म्हणून मी कागदावर हिशेब मांडला. अकरावी-बारावीला शिकवतो तोच, यंगचा गुणांक आणि तारेतलं कंपन. स्वर अर्ध्या पडद्यानं, म्हणजे पेटीवरच्या लगेच शेजारच्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीइतका, चढवायचा तर ताण साधारण १२ टक्के वाढवावा लागतो, पूर्ण पडद्यानं चढवायचा तर २६ टक्के. पंचमाच्या तारेचा धैवत करायला बोटानं ती किती लांबवायची? उत्तर आलं सुमारे ०.६५ मिलिमीटर. मी परत मांडलं, तेवढंच आलं. प पासून ध पर्यंतचा सगळा प्रवास एका मिलिमीटरच्या आत. आणि कानाला खटकेल एवढा बेसूर, पाच सेंट धरू (सेंट म्हणजे अर्ध्या पडद्याचा शंभरावा भाग), म्हणजे ०.०१६ मिलिमीटर. केसाच्या जाडीचा चौथा हिस्सा. तिसऱ्या तारेचं तर आणखी अवघड. अकरा थाऊची, म्हणजे इंचाच्या अकरा हजारांश जाडीची, ती तार गंधारालाच तुटायच्या बेताला आलेली असते, आणि आपण तिचा मध्यम करायला निघतो. या वाद्याची तिसरी तार सारखी का तुटते ते मला त्या कागदावर कळलं.

कागद घेऊन मी उद्यमनगरात गेलो.

कोल्हापूरच्या माणसाला उद्यमनगर समजावून सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की उसाला पाणी द्यायची ऑइल इंजिनं बनवता बनवता या गावाला लोखंडाची भाषा आली. त्याच्याही आधी बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात स्वतः जुळवला होता, १९१८ च्या सुमारास. तेव्हा 'परदेशी वस्तू आहे, इथं कशी होणार' हे वाक्य इथल्या गल्लीबोळात फारसं चालत नाही. मी गेलो ते एका पत्र्याच्या शेडात. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल, आणि एक मेस्त्री. वय पासष्टीचं. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली.

त्यांनी गिटार उलटी-सुलटी करून बघितली. पेडल हातानं दाबले, सोडले. मग विचारलं, "सर, हे वाजवायचं हाय का चालवायचं?"

मी पहिला पेडल दाबून दाखवला. शाफ्ट फिरला, सळई ओढली गेली, चेंजरमधलं बोट कललं. मेस्त्री खाली वाकून बघत होते. "खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!" म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की लेथवरच्या पोरानं मशीन बंद केलं. हसू ओसरल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. त्यांचे वडील इचलकरंजीत हातमागावर होते. "पावडी दाबली की ठरल्यालं तेवढंच धागं वर जायाचं. बाकीचं हालायचं न्हाईत. ह्यो मागच हाय की. कापडाच्या जाग्याला सूर निघतोय एवढंच."

मी हिशेबाचा कागद पुढं केला. त्यांनी ०.०१६ वर बोट ठेवलं. "एवढं ऐकू येतंय माणसाला?"

"येतं."

"मग माणसाचा कान म्हंजे मायक्रोमीटर हाय की ओ."

पुढचे चार महिने मी आठवड्यातनं दोनदा कॉलेज सुटल्यावर तिथं जात होतो. इंजिनांच्या आणि पंपांच्या कामातून वेळ मिळेल तसं माझं काम व्हायचं, आणि मिळायचा नाही तेव्हा मी चहा पिऊन परत यायचो. दांड्या आधी ओतून घेऊ असं माझं मत होतं. एवढ्या फौंड्री असलेल्या गावात पॅटर्न करायला कितीसा वेळ? मेस्त्रींनी ते पहिल्याच वाक्यात उडवलं. नऊ नगांसाठी कुणी भट्टी पेटवत नाही, शिवाय ओतल्यालंच तर फुटलंय. त्यांनी अॅल्युमिनियमची जाड पट्टी घेतली, नऊ तुकडे एकावर एक बांधून एकदमच भोकं मारली. दांडीवर चार भोकं असतात, शाफ्टपासून वेगवेगळ्या अंतरावर. लांबच्या भोकात सळई अडकवली तर ओढ जास्त, पण पायाला जड. जवळच्या भोकात हलकं, पण ओढ थोडी. पहिल्या पेडलला एक जाड पंचम आणि एक बारीक पंचम एकदम ओढायचे असतात. दोघं एकाच वेळी निघाले पाहिजेत आणि एकाच वेळी धैवताला पोचले पाहिजेत. मला याचं कोष्टक करायचं होतं. मेस्त्री म्हणाले, भोकं सगळी असू देत, पाय सांगंल कुठलं ते. तसंच झालं.

सळयांचं प्रकरण सगळ्यात झटपट सुटलं. मूळच्या सळया एक अष्टमांश इंच जाड, म्हणजे बरोबर एक सूत. मी असली स्टेनलेसची सळई कुठं मिळेल म्हणून दोन दिवस फोन करत होतो. मेस्त्रींनी शेजारच्या शेडातून वेल्डिंगच्या फिलर रॉडची एक मूठ आणली. स्टेनलेस, सरळ, एकेक मीटर लांब. टोकाला डाय फिरवून आटे पाडले, झालं. नायलॉनच्या सळीतून षटकोनी टोपणं कातली. त्यांची भोकं किंचित कमी ठेवली, म्हणजे सळई आत शिरताना स्वतःच नायलॉनवर आटे पाडते आणि मग आपोआप ढिली होत नाही. ही टोपणं फिरवून पेडलचा स्वर लावायचा असतो.

चेंजरला मात्र तीन आठवडे लागले. दहाही बोटांची जुनी भोकं आधी बोअर करून गोल करून घेतली, मग रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार. आस नवा, सिल्व्हर स्टीलचा, जुन्यापेक्षा थोडा जाड. शेवटचा हात मेस्त्रींनी स्वतः मारला. रीमर मशीनवर नाही, हातात धरून. तेलाचा एक थेंब टाकायचे, अर्धा वेढा द्यायचे, काढायचे, पुसायचे, आस घालून बघायचे. बोट आसावर घालून आडवं धरलं आणि सोडलं, तर ते स्वतःच्या वजनानं सावकाश खाली यायला पाहिजे. पटकन पडलं तर ढिलं, अडकलं तर घट्ट. सहावं बोट अडकलं. त्यांनी ते काढून उजेडात धरलं, आतल्या कडेला नखानं चाचपलं, धातूची एक बारीकशी बर, कुसळासारखी, होती ती काढली. परत घातलं. बोट आलं खाली, झोप लागलेल्या माणसाची मान यावी तसं.

माथ्यावरच्या घळी मी घरी घासल्या. सहाशेचा पॉलिश पेपर, मग हजार, मग दोन हजार, पाण्यातनं. गोलाई जाऊ द्यायची नाही एवढीच अट. टीव्हीवर काय चाललं होतं ते आठवत नाही, पण दहा बोटांना नऊ रात्री लागल्या. बायको म्हणायची, नवऱ्याच्या हातात पहिल्यांदाच जपमाळ बघतेय.

खंडेनवमीला शेडात लेथची पूजा होती. चकला झेंडूची माळ, बेडवर हळदकुंकू, पट्ट्या, कानशी, पान्हे सगळे ओळीत मांडलेले. त्या ओळीत शेवटी माझे तीन पेडल ठेवले होते, कुंकू लावून. मी बघत राहिलो. मेस्त्रींना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. "तयार हुते, ठिवले."

दसरा झाल्यावर घरी सगळं जोडलं, आणि वाद्य लागेना.

म्हणजे सूर लागत होते, राहत नव्हते. पंचम लावावा, पेडल दाबावा, धैवत येतो, सोडावा, तर पंचम चढा. खुंटी फिरवून परत लावावा, तर आता पेडल न दाबताच अर्ध्या तासानं उतरा. दुपारी लावलेलं संध्याकाळी वेगळं. माझा पहिला संशय डाव्या टोकाला तारा ज्यांवरून जातात त्या रोलरवर. ते जाम असले तरी तार परत येत नाही. पण ते छान फिरत होते. मग स्प्रिंगा. त्याही नव्या. मी चार दिवस काढले. एवढ्या मेहनतीनं सगळी ढिलाई काढली होती. जिथं सळई जराशी मोकळी दिसेल तिथं नायलॉनचं टोपण आवळून टाकलं होतं. पेडलला पाय नुसता टेकवला तरी तार बोलायला लागायची. मला ते फार सुंदर वाटत होतं, खरं सांगायचं तर.

मेस्त्री रविवारी आले, मोटरसायकलवरून. बसले, पाणी प्यायले, चेंजरमध्ये बॅटरी मारून बघितलं. बोलले काहीच नाहीत. मला घेऊन खाली रस्त्यावर आले आणि मोटरसायकलचा क्लच दोन बोटांनी हलवून दाखवला. लिव्हर सुरवातीला थोडी नुसतीच हलते, मग वायर ओढली जाते.

"हे मोकळं कशाला ठिवतात?"

"फ्री प्ले."

"न ठिवून बघा. प्लेट कधी पुरती बसनारच न्हाई. जळून जाईल." मग माझ्या खिडकीकडं हनुवटीनं खूण केली. "तुमच्या बोटाला बसायला जागाच दिल्याली न्हाई तुमी. सळईवर लोंबकळतंय बिचारं."

त्यात फिजिक्स शिकवणाऱ्याला न कळण्यासारखं काय होतं? मोकळ्या तारेचं बोट मागच्या टेकूवर पक्कं बसलेलं असायला हवं. मी टोपणं आवळून त्याला टेकूपासून केसभर उचलून धरलं होतं. मग मोकळा पंचम टेकूवर नव्हता, तो सळई, दांडी, शाफ्ट, पेडल, खालची पट्टी, एवढ्या सगळ्यांवर तरंगत होता. दुपारी लाकूड तापलं की तो हलणारच. पाय उचलल्यावर पेडल कुठं थांबतो त्यावर त्याचं ठिकाण ठरणार. मी प्रत्येक टोपण अर्धा वेढा सैल केलं. चेंजरमधून बारीक टक् टक् आवाज येत गेले, बोटं एकेक करून टेकूला टेकली. मग पेडलच्या खालच्या थांब्यांना हात घातला. पायाला आता सुरवातीला थोडं रिकामं लागतं. त्या रिकाम्या जागेत काहीच वाजत नाही.

मेस्त्रींनी पैसे सांगितले ते मी इथं लिहीत नाही. त्या आकड्याची मला अजून लाज वाटते, इतके कमी. गाणंबिणं ऐकायला थांबा म्हटलं तर म्हणाले, "लावून झालं की बोलवा. आता नुसतं कुईकुई चाललंय."

मामांना मी पुढच्या आठवड्यात रिक्षानं घेऊन आलो. ते आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. त्यांची स्वतःची गिटार त्यांनी केव्हाच कुणाला तरी देऊन टाकली, नख्या मात्र धोतराच्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. त्या घेऊन आले. मी टेबलाची उंची सांगू लागलो तर हातानंच गप्प केलं. बार उचलला, तळहातावर वजन घेतलं, आणि सरळ वाजवायला लागले. पेडलकडं ढुंकूनही न बघता. बोटं थरथरत होती, पण बार तारेवर टेकला की थरथर त्या सुरात कुठंतरी विरून जायची. एका जागी त्यांनी बार तिरपा केला, जुन्या सवयीनं. ग सांभाळला आणि प पळाला. ते थांबले.

"मामा, पाय लावा की. डावा. पहिल्या पेडलवर."

त्यांनी खाली बघितलं. मग चप्पल काढली, नीट बाजूला ठेवली. वाकायला त्यांना त्रास होतो, तरी वाकून पेडलला बोटं लावली, ती कपाळाला लावली, आणि मग त्याच पेडलवर अनवाणी पाय ठेवला. आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर समोरच होतं, म्हणून मी काही बोललो नाही.

सा आणि प छेडला. पाय दाबला. सा तिथंच उभा राहिला आणि प त्याच्या अंगाला घासत वर गेला. मामांनी पाय सोडला, प खाली आला. परत दाबला. परत सोडला. आठ-दहा वेळा एवढंच. त्यांचा चेहरा मी बघितला नाही, बघण्याची माझी हिंमत नव्हती असं म्हणा हवं तर.

मग म्हणाले, "धैवत चढा आहे."

मी ट्यूनर पुढं केला. हिरवा दिवा, काटा बरोबर मध्यभागी. मामांनी त्याच्याकडं पेटीकडं बघावं तसं बघितलं. "त्याला काय विचारतोस? सा बरोबर ऐक."

ऐकलं. होताच चढा. ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग करून मोजतो. त्याचा धैवत गाण्यातल्या धैवतापेक्षा सोळा सेंटनी वर, गंधार चौदानी वर. पेडल स्टीलवाली तिकडची मंडळीही गंधार ट्यूनरच्या खालीच लावतात, हे मी वाचलं होतं, आणि तरी हिरव्या दिव्याला भुललो होतो. प ते ध पूर्ण पडदा नव्हेच, थोडा कमी. आणि ग ते म अर्ध्या पडद्यापेक्षा थोडा जास्त. म्हणजे पहिला पेडल कमी ओढायला हवा आणि दुसरा जास्त. चार महिने मायक्रोमीटर घेऊन बसलो आणि सगळं चुकीच्या आकड्याला लावलं.

एलन की घेऊन मी गिटारच्या उजव्या टोकाशी गुडघ्यांवर बसलो. टोपणं तिथूनच फिरवायची असतात. पाचव्या तारेचं टोपण शोधलं.

"दाबून धरा, मामा."

"धरलाय. उतरव."

पाव वेढा.

"अजून."

तिथून मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. उजव्यात चप्पल, डावा अनवाणी, पेडलवर. पेडलच्या कडेला खंडेनवमीचं कुंकू अजून थोडं उरलं होतं.

"अजून थोडा. सावकाश. हां, थांब, थांब. फार गेलास. मागं ये."